न उचललेला बेलभंडार

शपथ घ्यायला नकार देणारा माणूस खोटाच असतो, असं तुम्हालाही वाटतं का? हळदीचा वास आला की मला कामथडीचा पार आणि त्यावर उभे असलेले पाद्रीबाबा आठवतात. बाजाराच्या दिवशी डफ वाजवून येशूची कीर्तनं करणाऱ्या या माणसाला ऐकायला गुंजवण्यापासून लोक चालत यायचे. मग सासरच्यांनी हाकललेल्या एका गरोदर विधवेला त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं घरात घेतलं. ती बाळंत झाली आणि मूल पाद्रीबाबांचंच, अशी बोंब उठली. एका सकाळी पारावर गाव गोळा झालं आणि पाटलांनी खंडोबाचा बेलभंडार, बेलाची पानं आणि हळद, त्यांच्यापुढं धरला. "ह्यो उचलून न्हाई म्हना, की आमी गप घरी जातू." पाद्रीबाबा म्हणाले, "मूल माझं नाही. पण शपथ घेऊ नका, नुसतं खरं बोला, असं इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं. आता माझ्यावर आलं म्हणून शपथ घेऊ?" मागून कुणी बोललं, "देव बदलला, पन खोटी आन घ्यायची छाती न्हाई झाली," आणि सगळा पार हसला. पुण्याहून आलेल्या मिशनच्या पंचांनी बायबल पुढं केलं, त्यावरही त्यांनी हात ठेवला नाही. मिशननं त्यांचं काम काढून घेतलं, घर सोडायला लावलं, आणि त्यांच्याबरोबर ती बाईही बेघर झाली. त्या सकाळी ती पाराखालीच पोर मांडीवर घेऊन बसली होती. गावानं किंवा मिशननं तिला एक शब्द विचारला नाही. तेव्हा मी गर्दीतला एक पोरगा होतो; आज माझ्या हाती लेखणी आहे, म्हणून मागतो: तुमच्या गावात असा बोभाटा उठला, तर आधी त्या बाईला विचारा, आणि तिचं बोलून होईपर्यंत बाकीच्यांना गप्प बसवा.