आंब्याखालच्या तुळशी

मित्रांनो, आज सकाळी आमच्या सोसायटीच्या म्हाताऱ्या माळ्याला, रमणकाकांना, कामावरून काढलं. बागेतल्या आंब्याखाली लावलेल्या तुळशी वाळल्या म्हणून.

लावतानाच ते मला म्हणाले होते, "भाई, इथे ऊन नाही, पाणी सगळं आंबा पितो. स्नेक प्लांट लावू, तो टिकेल." तुळसच हवी म्हणून मीच हट्ट धरला.

सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, तुम्हीच वाळलात, झाडं काय जगवणार?" लोक हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो.

निघताना ते नेहमीसारखं म्हणाले, "जय श्रीकृष्ण, भाई." तेव्हा मात्र माझं तोंड उघडलं, मीही "जय श्रीकृष्ण" म्हणालो.

अशा तोंडाने संध्याकाळी देवापुढे तुम्ही काय म्हणाला असता?