भागम्माच्या तीन बोटांची विभूती

बोरीच्या भागम्माने आयुष्यभर राख निर्मळ करण्याचं काम केलं. गाईच्या शेणाच्या गोवऱ्या जाळायच्या, राख पाण्यात कालवून चौपदरी फडक्यातून गाळायची, तळाशी बसलेला गाळ उन्हात आटवायचा, वड्या वळायच्या आणि पुन्हा भाजायच्या. सात-आठ दिवस गेले की दुधासारखी पांढरी विभूती हाताशी यायची. वडी ओली असतानाच ती तिच्यावरून उजव्या हाताची तीन बोटं ओढी. ते तीन पट्टे म्हणजे भागम्माची सही. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण ही सही गावोगावच्या देव्हाऱ्यांत ओळखली जायची.

म्हणून शेजारच्या सुलाबाईच्या जिभेवरचे फोड पाहून ती आधी कळवळली, आणि तिच्या हातातली वडी पाहून चपापली. वडीवर तीन पट्टे होते.

सुलाबाईचे गुडघे धरले होते. देवगाव फाट्यावर आबासाहेब नावाच्या माणसाने पत्र्याचं शेड ठोकून दरबार मांडला होता. त्याची 'शीतविभूती' लावली की दुखणं जागच्या जागी गार पडतं, असा बोलबाला होता. गुडघा गार पडलाही. मग सुलाबाईने तिची आई करायची तेच केलं. कपाळाला लावली, गळ्याला लावली आणि बोटाला उरलेली चिमूट जिभेवर ठेवली. उरलेली विभूती झटकून टाकावी, हे या घरांत कुणाच्या मनातही येत नाही.

दोन वर्षं आबासाहेबाचा गडी भागम्माकडून वड्या नेत होता. "पूजेला पायजेत," म्हणायचा. कसली पूजा, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता त्या न विचारण्याचाच तिला संताप आला.

सुलाबाईला तिच्या लेकाबरोबर दवाखान्यात धाडून भागम्माने जिंतूरची एसटी धरली आणि तिथून फाटा गाठला. दर्शनाच्या रांगेत न थांबता ती सरळ शेडच्या मागे गेली. तिथे तोच गडी तिच्या वड्या एका निळ्या पिंपात बुडवून चाळणीवर वाळत घालत होता. पिंपावर कवटीचं चित्र होतं. गड्याच्या हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे होते.

"काय हाय रं हे?"

"शीतक्षार," गडी सहज बोलला. "कारखान्यातल्या टाक्या धुत्यात ह्यानं. हात लावू नगा अक्का, वल्लं लागलं की कातडं सोलतंय."

कोरडं असलं की गार वाटतं, ओलं झालं की जाळतं. आणि जिभेहून ओलं ते काय? भागम्मा तरातरा पुढच्या अंगाला आली.

"आबासाहेब, तुमचा गडी इभूतीला रबरी मोजे घालून शिवायलाय. आमच्या सुलाबाईची जीब काय रबराची हाय?"

रांगेत हशा पिकला. आबासाहेब गादीवरून हललासुद्धा नाही. "अक्का, ती वरून लावायची दवा हाय. खायला कुणी सांगितलं?"

"इभूती जिभंला लावाय आमाला कुणी सांगावं लागतंय व्हय? तुमी इभूती म्हणून इकलाव, इख म्हणून न्हाई!"

"हिचा माल बंद करायलाव आमी, म्हणून तमाशा करायलीय," त्याने रांगेला सांगितलं. "आवो, तुमच्याच बोरीचे सिद्रामप्पा कालच वडी घेऊन गेलेत. उद्या नातीची लिंगधारणा हाय त्यांच्याकडं. ते काय येडे हायत?"

तीन-चार जण रांगेतून बाहेर पडले. मागचे तेवढेच पुढे सरकले.

भागम्मा त्या सरकलेल्या पायांकडे पाहतच राहिली. मग तिला सिद्रामप्पाची तीन महिन्यांची ईश्वरी आठवली. उद्या स्वामी तिच्या गळ्यात लिंग बांधतील, अंगाला भस्म लावतील आणि चिमूटभर त्या गुलाबी जिभेवर ठेवतील.

ऊन कलायच्या आत ती सिद्रामप्पाच्या दारात उभी राहिली. मांडव पडत होता. तिने सगळं सांगितलं. सिद्रामप्पाने वडी आणून तिच्यासमोर धरली.

"भागाक्का, ही बोटं कुणाची? तुजीच ना? मग तुजीच इभूती आज तुला इख वाटायली? लय दिस झाले, आबासाहेबावर जळायलीस जनू."

हे तिला फोडासारखं झोंबलं. उभ्या जन्मात तिच्या त्या पट्ट्यांनी तिच्याविरुद्ध कधी साक्ष दिली नव्हती.

"आप्पा, पानी आना," ती म्हणाली.

तिने गळ्यातली लिंगाची चांदीची डबी उघडली. ती डबी तिच्या आईची. लिंग पदरात धरलं, रिकामी डबी ओट्यावर ठेवली, वडी खरवडून डबीच्या झाकणावर पूड टाकली आणि वरून पाणी शिंपडलं. चांदी चरचरली. पांढरा फेस आला. फेस बसला तेव्हा झाकणावरचा कोरीव नंदी काळा पडून अर्धा झडला होता.

मांडवातली माणसं भोवती गोळा झाली. सिद्रामप्पा वाकून पाहत राहिला. "आईची डबी गं तुजी," तो म्हणाला.

"चांदीचं हे झालं, आप्पा. लेकराचं काय झालं असतं?"

दुसऱ्या दिवशी ताटात भागम्माने घरून आणलेल्या वड्या होत्या. स्वामींनी हात पुढे करायच्या आधी तिने चिमूट उचलून स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. कुणी मागितलं नव्हतं. पण उभ्या मांडवाने वाकून पाहिलं, आणि ते पाहणं तिला आजही विसरता येत नाही.

लिंग आता ती वस्त्रात बांधून गळ्यात घालते. काळी डबी घासून द्यायला सोनार तयार होता. तिने नाही म्हटलं. ती घेऊन भागम्मा आबासाहेबाची तक्रार द्यायला तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "तक्रार लेखी द्या."

भागम्माने डबी त्यांच्या कागदावर ठेवली.

"हे लेखीच हाय," ती म्हणाली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.