सगळ्यात मोठा डबा

बसा जरा. कागदावर लिहितानाही समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय माझा हात चालत नाही — जुनी खोड. पण हे मी खरोखरच्या माणसासमोर बसून आजवर एकदाही बोललेले नाही. पोटच्या मुलीशी नाही. आमचे हे होते तेव्हा त्यांच्याशी नाही. देवापुढे हात जोडले आणि हे मनात आलं, की मी घाईघाईनं वाती वळायला घेते.

तशी मी किती बोलकी! विचुंब्यात आमच्या इमारतीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं दूध नासलं, सगळं माझ्याकडे आधी. मग हेच का राहिलं? सांगते. एकदम सांगता येईल असं मात्र वाटत नाही, जरा लांबून येते.

माझं लग्न अकरावी झाल्याबरोबर झालं. मुलगी सासरी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली मी — घरबसल्या बी.ए. केलं आणि मग हट्टानं मानसशास्त्रात एम.ए.ला बसले. दोन हजार सात-आठचा सुमार. वर्गातली पोरं मला काकू म्हणायची. सुरुवातीला हसायचीसुद्धा — "काकू, डबा आणलात की पुस्तक?" मग संख्याशास्त्र सुरू झालं आणि हसायची थांबली. आम्ही सगळे मन शिकायला गेलो होतो आणि पदरात पडले आकडे! पोरं रडकुंडीला आली. मी मात्र रमले. मुलीचा जुना कॉम्प्युटर, फुटपाथवरची पुस्तकं, शेजारी डिक्शनरी. रिग्रेशन म्हणजे काय ते मला स्वयंपाकघरात कळलं — आमटी बिघडली तर मिठानं बिघडली की चिंचेनं, हे बघायला बाकी सगळं होतं तसं ठेवून एकेक चाखायचं. बस, तेच. वय, शिक्षण, घरातली माणसं, सगळं जागच्या जागी धरायचं आणि विचारायचं, आता सांग, ह्या एका गोष्टीनं फरक पडतो का?

पोरं माझ्याकडून शिकायला घरी येऊ लागली. मी पोहे करायचे आणि फॅक्टर अॅनालिसिस समजावायचे. इतकी फुगले होते मी! आज ते आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं ना, तसलं.

प्रबंधाला विषय घ्यायचा होता. मी आमचं महिला मंडळच घेतलं. मंडळ मीच काढलेलं, अध्यक्ष मीच. इथल्या नव्या इमारतींमध्ये कुठून कुठून आलेल्या बायका — कुणी गिरगावातून, कुणी साताऱ्याकडून, कुणी उरणकडच्या गावांतून. म्हणून प्रश्न ठरवला : मंडळात नेमानं येणाऱ्या बायकांना एकटेपणा कमी वाटतो का? बघा हं, प्रश्न विचारायच्या आधीच मला उत्तर काय हवं ते ठरलं होतं. हे तेव्हाच कुणी माझ्या लक्षात आणून दिलं असतं तर? — नाही, ते सोडा. लक्षात मलाच यायला हवं होतं. पोरांना मीच तर शिकवत होते.

साठेक बायका. प्रत्येकीला एकेक वाक्य वाचून दाखवायचं आणि पाचातलं एक उत्तर घ्यायचं : कधीच नाही, क्वचित, मधूनमधून, बरेचदा, नेहमी. आता हे पाच पर्याय आमच्या म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यात राहीनात. मग मला युक्ती सुचली. संक्रांतीला आम्ही वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटले होते, एकात एक बसणारे, पाचाचा संच. एक संच उरला होता. तो पिशवीत घालून घरोघर जायचे, डबे ओळीनं मांडायचे. सगळ्यात लहान म्हणजे कधीच नाही, सगळ्यात मोठा म्हणजे नेहमी. बायका हात लावून उत्तर द्यायच्या. आमच्या गाइड मॅडम केवढ्या खूश झाल्या! वयानं माझ्या मुलीएवढ्या. "काकू, हे तुम्ही छापलं पाहिजे," म्हणाल्या.

आता चांगुणाबाईंकडे यायला हवं. टाळतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

चांगुणाबाई आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. उरणकडच्या आगरी. मिठागरात जन्म गेलेला. जमीन गेली, तिकडे गोदामं उभी राहिली, नवरा वारला आणि मुलगा तिला इथं घेऊन आला. तो कंटेनर यार्डात पाळ्या करायचा, सून नोकरीला. मंडळात सगळ्यांच्या आधी ही हजर. सतरंजी हीच घालायची, चहाही हीच ठेवायची. आणि नकला! आमच्या खजिनदारीणबाई वर्गणी मागताना आवाज कसा बारीक करतात ते करून दाखवायची, बायका एकमेकींवर कोसळायच्या. मी म्हणायचे, चांगुणाबाई नसतील तर मंडळ बंद करू.

आणि संक्रांतीचं हळदीकुंकू? सतरंजी तीच घालायची. तिळगुळाच्या पुड्याही तीच बांधायची. आणि बरोबर चार वाजता, बायका नटूनथटून यायच्या वेळेला, पदराला हात पुसून तिसऱ्या मजल्यावर निघून जायची. जा असं कुणी म्हटलं नव्हतं कधी. थांबा असंही नव्हतं म्हटलं. विधवा ना. आम्ही आपसात म्हणायचो, त्यांनाच नको वाटतं हो. दुसऱ्या दिवशी उरलेलं वाण मी पिशवीत घालून वर देऊन यायचे. आणि जिना उतरताना मला स्वतःचं कौतुक वाटायचं.

तर मी डबे घेऊन तिच्याकडे गेले. दुपारची वेळ, घरात दुसरं कुणी नाही. मी डबे मांडले. तिनं सगळ्यात मोठा उचलला, उलटा करून बघितला.

"वळखीचा हाय ना ह्यो," म्हणाली. "मना दुसऱ्या दिशी दिलावतात."

हसत म्हणाली हो. मीही हसले.

मग वाक्यं सुरू झाली. माणसांत बसूनही मला एकटं वाटतं — मोठ्या डब्याला हात. आपण कुणाच्या मोजणीत नाही असं वाटतं — मोठ्याला हात. मी पुढं वाचत गेले, ती हात लावत गेली. मंडळात सगळ्यांत जास्त येणारी बाई आणि एकटेपणाही सगळ्यांत जास्त तिचा. मधेच मी न राहवून विचारलं, जे विचारायचं नसतं ते. "अहो, पण मंडळात येता, हसता, हसवता —"

"तितं आल्यावरच जास्त वाटतं, वयनी," ती म्हणाली. "घरान एकटी आस्ते तवा आपली एकटी आस्ते. तुमच्यान येते तवा समजतं."

मग म्हणाली, "लिवा हां ह्ये. आज पावतर कुनी इचारलाच नाय."

मी म्हटलं, लिहिते. आणि लिहिलं. तोवर मी प्रामाणिक होते — हे सांगतेय ते पुढचं आणखी घाण वाटावं म्हणून.

सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवले. बटण दाबलं. निष्कर्ष निघेना. थोडक्यात हुकला, पी-व्हॅल्यू, म्हणजे हे नुसतं योगायोगानं घडलं असण्याची शक्यता, जिथं खाली यायला हवी तिथं वर लटकलेली. मी आलेख काढून बघितला. सगळ्या बायका एका चौकोनात दाटीवाटीनं बसलेल्या, आणि वर, खूप वर, एक एकटा तारा. सॉफ्टवेअर असा तारा काढतं, इतरांपासून फार लांब पडलेल्यासाठी. शेजारी क्रमांक. क्रमांक बघायची मला गरजच नव्हती. कुणाचा असणार?

तो तारा बाजूला केला आणि परत बटण दाबलं. निष्कर्ष निघाला! मंडळात येणाऱ्या बायकांना एकटेपणा कमी वाटतो. अगदी स्पष्ट.

असा आकडा काढून टाकता येत नाही असं नाही. टाईप करताना चूक झाली असेल, माणसाला प्रश्नच कळला नसेल, तर काढतात. पण कारण द्यावं लागतं. मॅडमनी विचारलंच. "काकू, ह्या बाईंना प्रश्न कळले होते ना नक्की? कळले असतील तर काढायचं नाही हं. मग आपल्याला त्यांचंच ऐकायला हवं."

आणि मी म्हटलं — हे पहिल्यांदाच लिहितेय — मी म्हटलं, "अडाणी आहेत हो मॅडम. काही कळलं नाही त्यांना. जे विचारलं त्याला आपला एकाच डब्याला हात."

खोटं. साफ खोटं. आणि ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? असल्या प्रश्नावलीत मुद्दाम काही वाक्यं उलटी घातलेली असतात. का? तर माणूस ऐकून उत्तर देतंय की नुसतं एकाच ठिकाणी बोट ठेवतंय ते कळावं म्हणून. पोहे खाऊ घालून मीच पोरांना हे समजावलं होतं. आणि चांगुणाबाईंनी ती उलटी वाक्यं ओळखली होती. मन मोकळं करायला मला माणूस आहे — हे वाचलं तेव्हा तिनं मोठ्या डब्यावरचा हात उचलला, सगळ्या डब्यांवरून पलीकडे नेला आणि सगळ्यात लहान डब्याच्या झाकणावर एक बोट ठेवलं. मी बघितलं होतं. तिचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? काकू कधी खोटं बोलतात का? प्रबंधात एक ओळ गेली, एका प्रतिसादक स्त्रीला प्रश्नांचं आकलन न झाल्यानं तिची उत्तरं वगळली आहेत. आकलन! हा शब्द मी शोधून घातला, शुद्ध आणि भारदस्त वाटावा म्हणून.

प्रबंध देऊन आले त्या दिवशी मी शिरा केला. तूप सुटेपर्यंत परतला, वर बेदाणे घातले. आणि ऐका — त्यातला वाटीभर तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिला. "माझा अभ्यास सुटला हो, तोंड गोड करा." तिनं माझी अलाबला घेतली, दोन्ही हातांनी, कानशिलांवर बोटं मोडून. मला स्वतःची किळस त्या क्षणी यायला हवी होती ना? नाही आली. बरं वाटलं मला. किळस नंतर आली, सावकाश, बरीच वर्षं लावून — आणि आता जात नाही.

एम.ए. झाले. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार केला, शाल, नारळ, सगळं. मी भाषण केलं. शास्त्रानं सिद्ध झालंय म्हटलं, मंडळात येणारी बाई एकटी नसते! टाळ्या. मागे चहाच्या भांड्यापाशी चांगुणाबाई उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

सगळ्या गेल्यावर ती सतरंजी गुंडाळत होती. मला म्हणाली, "वयनी, माजं बी धरलंवतं ना त्यान?"

"हो तर! सगळ्यांचं धरलं."

तिनं गुंडाळी हातानं दाबली. "मंग आसा कसा निगाला?"

मी म्हटलं, सगळ्यांचं मिळून काढतात, त्यात एकेकीचं दिसत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मिठागरातली बाई ती, ऊन सहन करताना डोळे बारीक करायची सवय, तसं बघितलं. "आसंल," म्हणाली, आणि सतरंजी खांद्यावर घेऊन कोपऱ्यात ठेवायला गेली. त्यानंतर तिनं माझ्यासमोर कधी नक्कल केली नाही. इतरांसमोर करायची. मी आत आले की थांबायची.

इथवर सांगून उठता आलं असतं. आणखी एक आहे.

दोन वर्षांनी आमचे हे गेले. संक्रांत आली. मी घरात बसून होते, तर मंडळातल्या चौघीजणी दारात. "वहिनी, तुम्ही यायचंच. काळ बदलला. तुम्ही शिकलेल्या, अध्यक्ष, तुमच्याशिवाय हळदीकुंकू कसलं?" मी रडले. त्याही रडल्या. मी गेले. मला मधोमध खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, कुणीतरी म्हणालं, आपल्या मंडळानं केवढं पुढचं पाऊल टाकलं! टाळ्या झाल्या. मीही दोन शब्द बोलले, रूढी मोडायला धीर लागतो, असं काहीतरी.

सतरंजी चांगुणाबाईंनीच घातली होती. तिळगुळाच्या पुड्या तिनंच बांधल्या होत्या. चार वाजता तिनं पदराला हात पुसले. माझ्या खुर्चीसमोरूनच दाराकडे जावं लागायचं. ती गेली. माझ्या कपाळावरचं ओलं कुंकू तिनं बघितलं, मी तिला बघितलं.

एक शब्द पुरला असता. मी वाण घ्यायला ओंजळ पुढे केली.