गावाचे फोटो

वादळाचे फोटो माझ्याकडे अजून आहेत. मोबाईल बदलला तेव्हा ते लॅपटॉपवर घेतले, मग पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्हचा भरवसा नाही म्हणून स्वतःलाच मेल करून ठेवले. मला फोटोग्राफी येते असं नाही. बरेचसे फोटो तिरके आहेत, काहींत माझं बोट आलं आहे. पण ते टाकून द्यावेत असं कधी वाटलं नाही.

तेव्हा मी रत्नागिरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं मी पहिलंच माणूस. बाबा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला, आणि तिथल्याच त्यांच्या खोलीवर मी राहायचे. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा त्यांनी मला गावी आईकडे पाठवलं. आमचं गाव मंडणगड तालुक्यात, डोंगरातलं. म्हणून वादळ आलं त्या दिवशी मी घरी होते.

कौलं उडतात हे मला माहीत होतं. पण ती आधी एकेक करून उभी राहतात आणि मग जातात, हे त्या दिवशी पाहिलं. आई आणि मी भाताच्या कणगीला पाठ लावून बसलो होतो. वारा थांबला तेव्हा चुलीपाशी उभं राहून वर पाहिलं, तर सगळं आभाळ. पडवीवर फणस आडवा झाला होता. एक भिंत मात्र जशीच्या तशी होती आणि तिच्यावरच्या दोन्ही तसबिरीही. एक बुद्धाची, एक निळ्या कोटातली, आमच्या वाडीत घरोघरी असते ती. काचसुद्धा तडकली नव्हती. आई म्हणाली, "बघ, त्येंनी भिंत धरून ठेवली."

आमची वाडी म्हणजे बौद्धवाडी. ती गावाच्याच हद्दीत आहे, पण मधे एक पऱ्या आहे, डोंगरातून येणारा ओढा. पलीकडे देऊळ, शाळा, दुकान आणि बाकीच्या वाड्या. आमच्याकडे कुणी दुकानात निघालं की म्हणतं, "गावात जाऊन येतो." मीही लहानपणापासून तेच म्हणत आले. राहायचं गावात आणि जायचंही गावात, हे जरा विचित्र आहे असं मला कधी वाटलंच नाही.

वादळानंतर दोन-तीन दिवसांनी गुरुजींनी मला बोलावणं पाठवलं.

गुरुजींबद्दल आधी सांगायला हवं. त्यांनी मला पहिलीत पाटी धरायला शिकवली. दहावीनंतर बाबा म्हणत होते की आता बास, तेव्हा गुरुजी पऱ्या ओलांडून आमच्या पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "पोरीला थांबवू नका. ती थांबण्यातली नाही." आईने दिलेला चहा प्यायले. कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला बाबांना सुट्टी मिळाली नाही, तर गुरुजी माझ्याबरोबर एसटीने रत्नागिरीला आले. दिवसभर रांगेत उभं राहून त्यांचा गुडघा सुजला, तो पुढे कधी नीट बरा झालाच नाही. येताना स्टँडवर त्यांनी मला वडापाव घेऊन दिला आणि स्वतः मात्र घरचा डबा खाल्ला. मला त्या माणसापुढे खोटं बोलता आलं नसतं. त्यांनाही माझ्यापुढे येणार नाही, असं मी धरून चालले होते.

त्यांच्या ओटीवर गेले तेव्हा ते पाय लांब करून बसले होते.

"मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाला गावाचे फोटो पाठवायचेत," ते म्हणाले. "छपराला पत्रे पाठवतो म्हणतायत, पण फोटो बघितल्याशिवाय लोकांचे हात सुटत नाहीत. वाटेत सगळी झाडं पडलीत, माझा गुडघा काय साथ देत नाही. तू फीर आणि काढ."

"सगळ्या गावाचे काढू, गुरुजी?"

"सगळ्या गावाचे. तू गावाची पोर. तुझ्याइतकं मनापासून कोण काढणार?"

मी काढले. लाइट नव्हती. एकाच्या टेम्पोच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करून घ्यायचा आणि तो संपेपर्यंत फिरायचं. शाळेचे उडालेले पत्रे, देवळाच्या मंडपाचा वाकलेला खांब, मुळासकट उपटलेले काजू. लोकांचे फोटो काढणं मात्र अवघड होतं. फोटो म्हटलं की आमच्याकडे माणूस आधी आवरायला लागतं. देवळाजवळच्या एका काकींनी मला थांबवून ठेवलं, दारापुढच्या खळ्यातली फुटकी कौलं गोळा करून कोपऱ्यात रचली, खळं झाडलं, मग डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या.

"काकी, पडझडच दाखवायची आहे," मी म्हटलं.

"म्हणून काय मुंबईवाल्यांना माझं घाणेरडं खळं दाखवतेस? सुना हायेत तिकडं माझ्या."

शेवटी आमच्या वाडीत आले. आईने ट्रंकेतली जांभळी साडी काढली होती. छप्पर नसलेल्या घरात ती त्या भिंतीला पाठ करून उभी राहिली.

"हसू काय?"

"नको हसू."

"मंग रडू?"

"नुसती उभी राहा, आये."

"तशी तर उभीच हाय कधीपासून."

तो फोटो मला चांगला काढता आला. ऊन थेट वरून येत होतं, कारण वर काही नव्हतंच. आईच्या डोक्यावर, थोड्या डाव्या बाजूला, दोन्ही तसबिरी आल्या होत्या. मी सगळे फोटो माझ्या मोबाईलवरून गुरुजींच्या मोबाईलवर टाकले. त्यांनी एकेक पाहिला. आईच्या फोटोवर थांबले. "हा फोटो बोलतो," म्हणाले. मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, तो दुखरा पाय एका बाजूला धरून, रेंज मिळते तिथपर्यंत गेले आणि मुंबईला पाठवून आले.

डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर रेंज परत आली त्या दिवशी बाबांचा फोन लागला. ते इतके खूश होते की आधी मला काही कळेना.

"आवशीला सांग, ती बॅनरवर आली म्हणून! कंपनीतल्या एकाच्या मोबाईलवर आलं. 'आपल्या गावाला हात द्या' असं लिवलंय वर, आणि खाली ही बाय जांभळ्या साडीत! सगळ्या शिफ्टला दाखवली मी."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघू तरी," आणि मग आठवलं की आमच्या मोबाईलला चार्जिंग नाही. पण त्या दिवसापासून तिने छपराच्या जागी बांधलेल्या ताडपत्रीच्या दोऱ्या घट्ट करणं सोडून दिलं. पत्रे येणारच होते.

पत्र्यांचा ट्रक देवळापाशी थांबला, पालखी टेकवतात त्या सहाणेजवळ. आम्ही पऱ्या ओलांडून गेलो. ट्रकच्या कडेला तो बॅनर बांधला होता आणि त्यावर आई होती, खरी आहे तिच्यापेक्षा मोठी. पोरं पत्रे उतरवत होती. त्यातला एक हसून म्हणाला, "काकी, काय फोटो आलाय! ऑटोग्राफ द्या." आईसुद्धा लाजून हसली.

मग वाड्यांची नावं घेऊन वाटप सुरू झालं. आम्ही थांबलो. पत्रे कमी होत गेले. आमच्या वाडीचं नाव आलं नाही. गुरुजी सहाणेच्या कट्ट्यावर बसले होते. आई त्यांच्यापाशी गेली, मी तिच्या मागे.

"वहिनी, हे गावच्या मंडळाचे," गुरुजी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच प्रेमळ. "तुमच्या वाडीचं मुंबईचं मंडळ वेगळं आहे ना? त्यांच्याकडून येतीलच तुम्हाला."

आईने मान वर करून बॅनरकडे पाहिलं.

"गुरुजी, ती वरती मीच ना?"

"हो, म्हणजे... परिस्थिती कळावी लोकांना, म्हणून लावलाय तो."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पाहत होते, म्हणून मला ते नीट आठवतं.

पऱ्या उतरताना आई म्हणाली, "फोटोला गावात, पत्र्याला वाडीत." आणि हसली. मला हसता आलं नाही. मी तेव्हा वेगळाच विचार करत होते. बॅनरवर आईच्या डोक्यावरची भिंत नव्हती. फोटो तिच्या अंबाड्याला लागून संपला होता. तसबिरी नव्हत्या. मला वाटलं, मुंबईत बॅनर छापणाऱ्याने कापल्या असतील, त्याला जागा कमी पडली असेल. वाटपाचंही मंडळातल्या कुणी ठरवलं असेल, गुरुजींचं त्यांच्यापुढे चाललं नसेल. त्यांनी नजर चुकवली ती संकोचाने. असं मी स्वतःला समजावलं आणि मला ते पटलंही, कारण पटायला हवं होतं.

आमच्या वाडीच्या मंडळाचे पत्रे आले, पण पाऊस लागल्यावर बऱ्याच दिवसांनी. तोवर आम्ही ताडपत्रीखाली होतो. तसबिरी आईने प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत, जांभळ्या साडीवर ठेवल्या होत्या.

मी परत रत्नागिरीला आले. बीए झाले, आता एमए करते आहे. गुरुजींना निकाल कळवायचे, सणाला फोन करायचे. पत्र्यांचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

अलीकडेच त्यांचा फोन आला.

"मंडळाची स्मरणिका निघते आहे. वादळाच्या वेळचं काम त्यात घ्यायचं आहे. माझ्याकडचे फोटो मोठे केले की फुटतात. तुझ्याकडे मूळ असतील ना?"

"आहेत, गुरुजी."

"तुझ्या आईचा तर पाहिजेच. पहिल्या पानावर घेऊ."

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. वाटलं, आता तरी पूर्ण फोटो छापून येईल. मी म्हटलं, "गुरुजी, या वेळी छापणाऱ्याला जरा सांगाल का? तेव्हा त्याने वरच्या तसबिरी कापल्या होत्या."

"त्याने नाही कापल्या. मीच कापून पाठवला होता तो. नाहीतर लोकांनी उगाच विचारलं असतं, हे घर कुठल्या वाडीतलं म्हणून. मदतीत अडथळा नको." आणि मग, गणित समजावताना बोलायचे तशा आवाजात, "तुला कळतंय ना मी काय म्हणतो ते?"

मी "हो" म्हणाले. त्यांना मी नेहमी "हो"च म्हणत आले होते.

फोन ठेवल्यावर मी तो फोटो लॅपटॉपवर उघडला. तसबिरी जातील आणि आईचं डोकं राहील अशी कड कुठे येते ते बघायला मी ती बोटाने आत सरकवून पाहिली. सोपं नाही. जरा जास्त सरकली की अंबाडा कापला जातो, कमी सरकली की निळ्या कोटाची बाही दिसते. दोन-तीनदा करून बघावं लागतं. म्हणजे त्यांनीही करून बघितलं असणार, मोबाईल डोळ्यांजवळ धरून. आणि हे त्यांनी ट्रक यायच्या कितीतरी आधी केलं होतं. "तू गावाची पोर" म्हणाल्यावर लगेच.

मी फोटो निवडले. शाळेचे पत्रे, मंडपाचा खांब, काजू, खळं झाडून उभ्या राहिलेल्या काकी. गुरुजींच्या स्वतःच्या घराचाही एक होता, कोसळलेल्या गोठ्याचा. ते सगळे पाठवले आणि खाली लिहिलं, "गुरुजी, गावाचे फोटो पाठवले आहेत."

लगेच उत्तर आलं. "छान. आणि तुझ्या आईचा?"

बराच वेळ मी काहीबाही लिहून पुसत होते. शेवटी एवढंच पाठवलं, "तो गावातला नाही, गुरुजी."

मेसेजखाली निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यांनी वाचलं.

संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं, तसबिरी कोणी कापल्या तेही. मागे आमच्या पत्र्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला, आंबा असेल.

"मंग गुरुजी काय बोलले?"

"काहीच नाही."

"त्येंच्या गुडघ्याचं विचारलंस काय?"

"नाही," मी म्हटलं. आजवर प्रत्येक फोनवर विचारायचे.

"बरं," आई म्हणाली, आणि मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या उचलायला गेली.