नवं मशीन आणि कळण्याची भाकरी

ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी; तिचा वास आला की मला भेस्तानच्या वर्कशॉपमधली ती दुपार आठवते. हौसेनं आणलेलं नवंकोरं टिग वेल्डिंग मशीन, आणि स्टीलचा प्रत्येक सांधा काळाठिक्कर! "आज सांजे मशीन पाछुं, भाऊ!" म्हणत गुजराती भागीदारानं ते परत करायला खोकंही काढलं. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. "भाकर सुकी ऱ्हायनी ना!" म्हणत तिनं आमचा घरघरता पंखा बंद केला. मी घामाघूम होऊन शेवटचा सांधा जोडला, तर तो चांदीसारखा लखलखला! सांध्याला हवेपासून जपणारा गॅस पंखाच उडवून लावत होता. भागीदारानं त्या खोक्यावरच नाच केला. आजही मशीन सुरू झालं की आम्ही पंखा बंद करतो. बायकोला वाटतं, तिच्या भाकरीच्या मानासाठी.