पंधरा जोड्या

चिठ्ठ्या टाकण्याआधी बाई डबा उलटा करून सगळ्यांना दाखवायच्या. "बघा गं, रिकामा हाय. मागनं बोलायचं न्हाई."

नगरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाला एका रांगेत सहा खुर्च्या होत्या. पहिलीवर पंखा, शेवटची गरम मशीनला चिकटलेली. भांडणं नकोत म्हणून सुपरवायझर बाई दर महिन्याला चिठ्ठीने जागा ठरवत. बाई भिंगारच्या, दहावी झालेल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: बोलणं रोखठोक, हात सतत चालू.

लागोपाठ तीन महिने केडगावच्या दोघी मैत्रिणी शेजारी आल्या. बाकीच्या कुजबुजल्या, बाईच घोळ करतात. तक्रार साहेबांकडे गेली. साहेबांनी मला शोधायला सांगितलं, कारण मी गणितात बीएस्सी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. मी ऐटीत मांडलं: सहांत ठरावीक दोघी शेजारी येण्याची शक्यता तीनात एक, सलग तीनदा, सत्तावीसात एक. खाली 'संशयास्पद' लिहून सही ठोकली.

बाईंना गोडाऊनला टाकलं.

त्या चिडल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत कागद मागून घेतला, भाकरी खात वाचला.

"भाऊ, ह्या दोघीच का मोजल्या?"

मी म्हणालो, त्याच शेजारी आल्या म्हणून.

"आल्यावर मोजल्या व्हय. सहा जनींच्या जोड्या पंधरा हुतात. दुसरी कुठली आली असती, तर तिला धरलं असतं. कुनाची तरी जोडी लागली, त्यात नवल काय?"

संध्याकाळी घरी पंधराही जोड्या धरून पाहिलं. सत्तावीसात एक कुठल्या कुठे राहिलं. कुठली तरी एक जोडी तीनदा लागण्याची शक्यता दोनात एकपेक्षा जराशीच कमी निघाली. इतपत तर सहज घडतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं. बाईंना हे कळवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "सांगितलं का लिवून दिलं? चूक तर लिवून दिली हुती."

मग लिहून दिलं. पत्र फाइलला लागलं, बाई गोडाऊनलाच राहिल्या. महिनाअखेर त्यांनी काम सोडलं.

पत्राची प्रत घेऊन मी भिंगारला गेलो. बाईंनी ती दारात उभ्यानेच वाचली, खाली माझी सही आहे ना ते बघितलं, आणि घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. चहा पाजला. कारखान्याचा विषय काढला नाही.