निरुत्तरचा रकाना

"मैडम, मुझे आता है," म्हणत सुहानीनं हात वर केला आणि मी घाबरून मागच्या बाकाकडं पाहिलं.

लेकराला उत्तर येतं म्हटल्यावर मास्तरणीनं खुश व्हावं. पण मी तेव्हा मास्तरीण नव्हती, चौतिसाव्या वर्षी बी.एड. करून राहिली होती. जबलपूरच्या गढ़ा भागात एका सरकारी शाळेत आठवीवर माझी इंटर्नशिप चालू होती. मागच्या बाकावर माझे सुपरवायझर, दुबे सर, माझी फाइल उघडून बसले होते.

शेतीच्या युनिटचे पाच पाठ. पाचही पाठांवर सरांची सही झाली तरच फायनल प्रॅक्टिकलला बसता येतं. माझा युनिट प्लॅन आधीच दोनदा परत आला होता. एकदा समासाची रेघ निळी होती म्हणून. लाल पाहिजे. दुसऱ्यांदा 'विद्यार्थी समजतील' लिहिलं म्हणून. 'समजतील' चालत नाही, 'यादी करतील' पाहिजे. समजलेलं मोजता येत नाही म्हणे! दोन्ही वेळा सगळं पुन्हा हातानं लिहिलं. बोटं दुखून राहिली होती आणि खरं सांगते, शेतीचा मला वीट आला होता.

आता त्या वर आलेल्या हाताचं सांगते. पाठाच्या सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे असतात. पहिले तीन मुलांना यायला पाहिजेत, चौथा यायला नको. प्लॅनमध्ये मुलांच्या उत्तरांचा एक रकाना असतो. त्यात चौथ्या प्रश्नापुढे आपणच घरून लिहून न्यायचं: 'निरुत्तर'. मुलं गप्प बसली की म्हणायचं, चला, आज आपण हेच शिकू. मुलं गप्प नाही बसली तर काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

माझा चौथा प्रश्न होता, मटर काढल्यावर त्याच शेतात गहू पेरला तर त्याला खत कमी का लागतं?

"मटर की जड़ में गाँठें रहती हैं," सुहानी म्हणाली. तिचे वडील शहराबाहेर दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे, सुटीच्या दिवशी ही पण जायची. "वही खाद बनाती हैं। फोड़ो तो अंदर से लाल निकलता है।"

एकदम बरोबर. आतून लाल निकलतं हे तर मलाही माहीत नव्हतं. मागं सरांचं पेन थांबलं.

"बैठो, बीच में नहीं बोलते," मी म्हटलं. "किसी को नहीं आता ना? चलो, आज हम यही पढ़ेंगे।"

आणि तिचंच उत्तर मी रंगीत खडूनं फळ्यावर लिहिलं. सुहानीनं ते मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं. सरांनी शेरा दिला, 'प्रस्तावना प्रभावी'. सही झाली.

दुसऱ्या पाठाला एकही हात वर आला नाही. सोप्या तीन प्रश्नांनाही नाही. सगळा वर्ग खाली मान घालून बसलेला. "अनुशासन बढ़िया है," सर म्हणाले. दुसरी सही.

घरी आई मटर सोलत बसली होती.

"काहून तोंड पाडून बसली?"

मी सगळं सांगितलं.

"मग सांग ना तिला, माझं चुकलं म्हणून."

"अगं, सर बसून राहतात मागं!"

"बसू दे. तिला पण तू सगळ्यांसमोरच बसवलं ना?"

मी चिडली. जेवलीच नाही नीट. पण उरलेले तीन पाठ पुन्हा लिहायला काढले आणि चौथ्या प्रश्नापुढचा रकाना कोरा ठेवला.

तिसऱ्या पाठाला सुरुवातीलाच म्हटलं, "सुहानी, तुम्हारा उस दिन का जवाब सही था। मैंने गलत बिठाया।" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं बाकावरून नजर उचलली नाही.

"ये कॉलम खाली कैसे?" सरांनी नंतर विचारलं.

"सर, बच्चों ने अभी बताया नहीं है।"

"फॉर्मेट में ऐसा नहीं होता, मैडम।" सही नाही.

चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर ओल्या पेपरात गुंडाळलेलं मटरचं झाड होतं, मुळांसकट. मी नखानं एक गाठ फोडली. आतून खरंच लालसर! सगळी पोरं भोवती जमली. तेवढ्यात सुहानी बोलली, हात वर न करताच.

"मैडम, हमारे यहाँ तो पूरा पौधा उखाड़ के गाय को डाल देते हैं। फिर खाद बची कहाँ?"

सर पाहून राहिले होते. मला येत नव्हतं.

"मुझे नहीं पता। पूछके कल बताऊँगी।"

सरांचा शेरा: 'शिक्षिका निरुत्तर'. सही याही पाठाला नाही.

मी ओळखीच्या एका शेतकी अधिकाऱ्यांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी पाचव्या पाठाआधी सुहानीला सांगितलं, उपटायचं नाही, वरून कापायचं, म्हणजे मुळं मातीत राहतात. "पापा को बोलूँगी," ती म्हणाली. त्या पाठाला तिचा हात दोनदा वर आला. सही मात्र आली नाही.

ते तीन पाठ मला दुसऱ्या शाळेत पुन्हा घ्यावे लागले, रकान्यात 'निरुत्तर' लिहून. तिथं कोणीच हात वर केला नाही. सह्या झाल्या, प्रॅक्टिकलही काठावर निघालं.

आता माझ्या वर्गावर बी.एड.ची मुलं फाइली घेऊन येतात. फॉर्मेट तोच आहे, रेघ अजून लालच लागते. मी त्यांना एवढंच सांगते, 'निरुत्तर' पेन्सिलनं लिहा. खोडरबर माझ्याकडं आहे.